पाण्याखाली ल्यूर करतो तरी काय?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो, यंदापासून बास मासे पकडायला जातोय. तळ्याचं पाणी चहासारखं, ल्यूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, फूटभर खाली गेला की दिसतच नाही. क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचा कडक ल्यूर, ओढताना एका बाजूला पळतो, प्लास्टिकचा किडा खाली जाऊन काय करतो देव जाणे. अजून एकपण बास गळाला लागलेला नाही. ल्यूर नीट चालतोय की नाही ते कसं ओळखायचं?

उत्तर : अगदी मुद्द्याचं विचारलंत. लोक नवनवीन रंगाचे ल्यूर घेत सुटतात आणि हातातला पाण्यात कसा चालतो ते बघतच नाहीत. फिनलंडच्या लाउरी रापालांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा पहिला ल्यूर कोरला तो बघून बघूनच, मोठा मासा थव्यातला नेमका लंगडत पोहणारा छोटा मासा धरतो हे त्यांनी तळ्यावर हेरलं होतं.

तुम्ही ओळखीच्या कोणाचा तरी स्विमिंग पूल गाठा, बाथटबमध्ये ल्यूरला वेगच घेता येत नाही. हुक काढून टाकू नका बरं का, वजन बदललं की डोलणंपण बदलतं, त्यापेक्षा जुन्या हुकांची टोकं कापून ते लावा. आणि काठावरून बघून समाधान मानू नका, चार फूट खाली असलेला ल्यूर वरून तीनच फुटांवर असल्यासारखा दिसतो. सरळ गॉगल लावून पाण्यात उतरा आणि घरातल्या कोणाला तरी दोरीचं रीळ फिरवायला सांगा.

मी असा पहिल्यांदा उतरलो तेव्हा मुलगा काठावर होता. सेंको नावाच्या ल्यूरसारखा, प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेला मऊ किडा, वजन न लावता, मधोमध हुक. दोरी ढिली होती तोपर्यंत तो आडवाच सावकाश खाली येत होता आणि त्याची दोन्ही टोकं थरथरत होती, इतकी बारीक थरथर की वरून कधीच दिसली नसती. मुलाने दोरी जराशी ताणली आणि थरथर बंद, किडा झोक्यासारखा त्याच्याकडे सरकायला लागला. म्हणजे इतकी वर्षं दोरी ताठ धरून मीच त्याचा जीव काढत होतो! तेव्हापासून टाकल्यावर मी दोरी सैल सोडतो.

तुमच्या क्रँकबेटचं सोपं आहे. त्याचं तोंड तुमच्याकडे करून धरा, तो तुमच्या डावीकडे पळत असेल तर दोरी बांधायची कडी लांब तोंडाच्या पक्कडीने तुमच्या उजवीकडे वाकवा, पण अगदी केसभरच, मग परत ओढून बघा. दोनतीनदा करावं लागतं. पूलमधून निघाल्यावर ल्यूर, रीळ साध्या पाण्याने धुवा.

अजून एक, पूलमध्ये किडा तळाला जायला फुटामागे किती सेकंद लागतात ते मोजून ठेवा, कारण तळ्यावर तेच आकडे तुमचे डोळे होणार. मोठ्या फिशिंगच्या दुकानातल्या काचेच्या टाकीत मी बास खाताना बघितलाय, तो चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो आणि नकोसं वाटलं तर क्षणात थुंकतो, हाताला काही कळायच्या आत. म्हणून गढूळ पाण्यात नजर दोरीवर ठेवा, ती टुणकन हलली, बाजूला सरकली किंवा मोजलेले सेकंद व्हायच्या आधीच थांबली तर वाट बघू नका, उरलेला ढील गोळा करून लगेच झटका द्या.