इंग्रजी पॅसेज संपेपर्यंत सुरुवातीचं विसरतो, ब्रिज कोर्सचे सर म्हणतात रोज इंग्रजी पेपर मोठ्यानं वाच. यानं वाचन सुधारतं का?

नाही सुधारत. निदान तू जे विचारतोयस ते तरी नाही. उच्चार सुटतील, वर्गात उभं राहायची भीती जाईल, घरच्यांना वाटेल पोरगं अभ्यास करतंय. पण वाचलेलं डोक्यात राहत नाही ही तुझी तक्रार आहे आणि त्यावर घसा कोरडा करून काय होणार?

अरे-तुरे करते, राग मानू नकोस. बीए फर्स्ट इयर, मराठी मीडियम, कोल्हापुरातलाच असं लिहिलंयस आणि माझ्या वर्गात बसतात ती पोरं हुबेहूब अशीच असतात. मी इथल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, बरीच वर्षं सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे आणि ते पण येतील तेव्हा. ब्रिज कोर्सचा वर्ग, म्हणजे टेस्टला कमी पडलेल्या पोरांचा इंग्रजीचा वेगळा वर्ग, कायम माझ्याच गळ्यात, कारण सीनियर लोकांना तो नको असतो. तुझ्या प्रश्नातलं 'सर म्हणतात मोठ्यानं वाच' वाचलं आणि माझं डोकं फिरलं, कारण हे वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेत पण ऐकू येतं.

आमचे एक सीनियर सर होते, नाव नको. त्यांची पद्धत अशी, पहिल्या बाकापासून सुरुवात, एकेकानं उठायचं, दोन ओळी वाचायच्या, सर उच्चार दुरुस्त करणार, वर्ग फिदीफिदी हसणार, बस खाली, पुढचा. आपली पाळी कुठल्या ओळीवर येणार हे पोरं आधीच हिशोब करून काढायची आणि तेवढ्याच दोन ओळी पुटपुटत बसायची, बाकी धड्यात कोण मेलं कोण जगलं काही पत्ता नाही. मग सर सगळ्याचा अर्थ मराठीत सांगणार, मग प्रश्नोत्तरं डिक्टेट करणार, बेल. याला वाचनाचा तास म्हणायचं. अरे पण त्यात वाचलं कुणी? सरांनी, आदल्या दिवशी घरी.

मी एकदा म्हटलं की वीस मिनिटं पोरांना गप्प वाचू द्या, नंतर प्रश्न विचारू. तर म्हणाले, "मॅडम, प्राचार्य राउंडला आले आणि सगळा वर्ग मुका बसलेला दिसला तर मी काय उत्तर देऊ?" आता यावर काय बोलायचं तूच सांग.

मग २०१७ चा ऑक्टोबर आला. सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्ड कप भारतात होता, आपला अनिकेत जाधव भारताच्या टीममध्ये, मग कोल्हापुरात दुसरा विषय असतो का? पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय गर्दी होते ते तुला सांगायला नको. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक पोरगा होता, पेठेत राहणारा, तालमीकडून खेळायचा, मोठ्यानं वाचायला उठवलं की घामाघूम, साधा तीन ओळींचा पॅरा पण अडखळत. सरांनी त्यांच्या नेहमीच्या इंग्रजीच्या तासाला त्याच्यावर कधीच फुली मारलेली. आणि पहिल्या बाकावर एक पोरगी, दहावीपर्यंत इंग्लिश मीडियम, टेस्टला मार्क कमी पडले म्हणून या वर्गात आलेली, पण वाचायला लागली की सर डोळे मिटून ऐकायचे. चुकून इकडं आली बिचारी, असं म्हणायचे.

९ ऑक्टोबरला भारत-कोलंबिया मॅच झाली. आपण २-१ ने हरलो, पण ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारून फिफा वर्ल्ड कपमधला भारताचा पहिलावहिला गोल केला आणि लगेच पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारून सगळी मजा घालवली. दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी पेपरातला त्या मॅचचा रिपोर्ट झेरॉक्स करून वर्गात वाटला. म्हटलं आवाज न करता वाचा, खाली प्रश्न आहेत, उत्तरं मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मला काही फरक पडत नाही.

पहिल्या बाकावरच्या पोरीनं मॅच कोण जिंकलं याचं उत्तर लिहिलं, भारत. का, तर अर्धा रिपोर्ट आपल्या गोलच्या कौतुकानं भरलेला. एकही शब्द तिला वाचता आला नव्हता असं नाही, सगळे आले होते. आणि शेवटच्या बाकावरच्यानं स्कोअर तर लिहिलाच, शिवाय दुसरा गोल का बसला त्याचं कारण पण लिहिलं, की आपली पोरं गोलच्या आनंदात होती, जागा सोडलेल्या होत्या, तोवर त्यांनी मारला. रिपोर्टमध्ये हे असं सरळ कुठंच नव्हतं. एक तुकडा वरच्या पॅऱ्यात, एक पार खाली, ते त्यानं जोडले. यालाच वाचणं म्हणतात बाबा, अजून काय असतं वाचणं?

मी ते दोन कागद घेऊन तडक स्टाफरूममध्ये. सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "त्यानं मॅच टीव्हीवर बघितली असणार, वाचून काय केलं त्यात?" मुद्दा अगदीच खोटा नव्हता, म्हणूनच मी मुद्दाम एक प्रश्न असा घातला होता की ज्याचं उत्तर फक्त रिपोर्टच्या शेवटच्या पॅऱ्यात होतं, मॅच बघून कळणारं नव्हतं. ते पण त्यानं बरोबर लिहिलं होतं. हे दाखवल्यावर सर म्हणाले, "फुटबॉल परीक्षेच्या पेपरात येत नाही मॅडम," आणि विषय संपला. त्यांच्यासाठी संपला. माझ्यासाठी अजून चालू आहे हे तुला एव्हाना कळलंच असेल.

नंतर मला समजलं की हाच प्रयोग अमेरिकेत १९८८ सालीच झालाय. रेख्ट आणि लेस्ली नावाच्या दोघी संशोधक, सातवी-आठवीची ६४ मुलं, त्यांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग मैदानाच्या छोट्या मॉडेलवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. ज्यांचं वाचन कच्चं पण बेसबॉल पक्का, ती मुलं चांगलं वाचणाऱ्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुष्कळ पुढं निघाली. मी त्याची प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाले, कोल्हापुरात बेसबॉल कोण खेळतंय.

असो. तर मला म्हणायचंय ते हे, की विषय आधी डोक्यात असला की इंग्रजी निम्मं हलकं होतं. तू इंग्रजी पेपर उघडून थेट अग्रलेख वाचायला बसत असशील, सगळे तेच करतात आणि सगळे तिसऱ्या वाक्याला झोपतात. त्यात दिल्लीचं राजकारण, कुठलं तरी बिल, शब्द अवघड, विषय पण अनोळखी, दोन्ही ओझी एकदम. त्यापेक्षा आधी पुढारी नाहीतर सकाळमध्ये एखादी बातमी नीट वाच, मग तीच बातमी इंग्रजीत शोध. किंवा शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्यावर इंग्रजीत काही मिळालं तर घे. ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, कुणासाठी, का, हे कोल्हापूरच्या पोराला शाळेपासून माहीत असतं, मग इंग्रजी वाक्य पुढं काय म्हणणार याचा अंदाज येतो आणि अंदाज आला की मधला एखादा शब्द न कळूनही अडत नाही. इतिहास, अर्थशास्त्र तुला आहेतच, धडा आधी मराठीत वाच आणि मग इंग्रजीत. ही चोरी नव्हे. सरांना ती चोरी वाटायची, इंग्रजीच्या तासाला मराठी नको म्हणायचे, आणि स्वतः अख्खा धडा मराठीत सांगून मोकळे!

दुसरं, सोपं वाच. लाजू नकोस. हू आणि नेशन या अभ्यासकांचा २००० सालचा पेपर आहे, त्यांचं म्हणणं की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. पेपराच्या अग्रलेखात तुला दर ओळीत दोन लागत असतील तर ते वाचन नाही, ती डिक्शनरीची हमाली आहे. पुस्तकाचं एक पान उघड, पाच-सहाच्या वर शब्द अडले की ठेवून दे, दुसरं घे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून गावात आहे, मेंबर हो, किंवा कॉलेजच्या लायब्ररीत लहान मुलांची इंग्रजी पुस्तकं माग, मागायला लाज वाटली तर भाच्यासाठी पाहिजेत म्हणून सांग. आठवी-नववीच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांतले धडे परत वाचले तरी चालतील, आता ते सोपे लागतील आणि तेच पाहिजे आहे.

आता तुझं ते सुरुवातीचं विसरणं. एकेका शब्दाशी झटापट करण्यात सगळी ताकद जाते, मग मागचं धरून ठेवायला डोक्यात जागा उरत नाही, एवढंच आहे ते, तू मठ्ठ वगैरे काही नाहीस. एक पॅरा वाच, पुस्तकावर हात ठेव, त्यात काय सांगितलं ते एका ओळीत मराठीत लिही. जमलं नाही तर परत तोच पॅरा. पुढं जायची घाई करू नकोस. आणि लांब वाक्य आलं की आधी क्रियापद शोध, कोण काय करतंय तेवढं पकड. आपल्याला क्रियापद शेवटी यायची सवय, इंग्रजीत ते मधेच येऊन जातं आणि मागं व्हिच-हूची लांबलचक शेपटं, तिथं आपली पोरं हरवतात. शेपटं सोडून दे, पहिल्या फेरीत गरज नसते. पॅसेजखाली प्रश्न असतील तर ते आधी वाचून घे, काय शोधायचंय ते कळतं. हे सगळं वर्गात शिकवायला पाहिजे खरं तर, पण वर्गात काय चालतं ते वर सांगितलंच.

ब्रिज कोर्सला घातलं म्हणून मित्र चिडवतात असं लिहिलंयस. चिडवू देत. अमेरिकेतल्या कॉलेजांत पण हे आहे, डेव्हलपमेंटल इंग्लिश म्हणतात, प्रवेशाच्या वेळी टेस्ट, कमी पडलास की आधी तो वर्ग, आणि त्याचे क्रेडिट डिग्रीत धरत नाहीत. तिथं पण असंच व्हायचं, वेगळ्या वर्गात अडकलेली कितीतरी मुलं मूळ वर्गापर्यंत पोचायचीच नाहीत. मग बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजनं २००७ मध्ये उलट केलं, अशा मुलांना थेट नेहमीच्या वर्गात घेतलं आणि त्याच सेमिस्टरला जोडीला जादा तास दिले. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदाच केला की पोरांना उगाच खालच्या वर्गात ढकलायचं नाही. माझं मत विचारशील तर कच्च्यांची वेगळी बॅच हा प्रकारच बंद करावा, पण माझं मत विचारतंय कोण, सीएचबीवालीला मीटिंगला पण बोलवत नाहीत.

बरं, एक राहिलं. मोठ्यानं वाचणं अगदी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, हे आमच्या सरांनी वाचलं तर त्यांना वाटेल मी शेवटी मान्य केलं, तसं नाही. तुला इंग्रजी अक्षरं जोडून शब्दच उच्चारता येत नसेल तर वरचं काही उपयोगाचं नाही, मग सोपा पॅरा घेऊन तोच तोच तीन-चार वेळा मोठ्यानं वाच, सोबत कुणी तरी चुका सांगणारं बसव. त्यानं शब्द सुटतात आणि मग डोकं अर्थाकडं वळतं. पण ते घरी, एकट्यानं किंवा मित्राबरोबर, साठ जणांसमोर हसं करून नाही. आणि मराठी वाचताना पण अक्षरं उलटीपालटी होत असतील, ओळ सुटत असेल, तर आधी डोळे तपासून घे, डोळे ठीक निघाले तर डिस्लेक्सियासाठी, म्हणजे वाचायला-लिहायला मुळातच अडचण येते त्यासाठी, तज्ज्ञांकडून तपासणी करून घे, ते जिद्दीनं सुटणारं काम नव्हे.

किती दिवसांत फरक पडेल विचारलंयस, ते तू रोज किती वाचतोस त्यावर. या सेमिस्टरच्या पेपरला चमत्कार होईल असं समजू नकोस. आणि माझं हे उत्तर तुझ्या सरांना दाखवायला जाऊ नकोस. ते वर्गात उठून मोठ्यानं वाच म्हणाले तर गुमान उठ आणि वाच, इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात आहेत.