मेडिकलच्या काउंटरवर नवीन आहेस, तर मनाच्या औषधांबद्दल थोडं

मिरजेत मेडिकलला लागलास, छान झालं. सगळी नावं पाठ करत बसू नकोस, आधी गट ओळख.

- एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन: नैराश्यावर, पण चिंता आणि ओसीडीलाही (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती थांबत नाहीत तो आजार) देतात. म्हणून चिठ्ठी बघून आजार ठरवू नकोस.
- ओलान्झापिन, रिस्पेरिडोन: स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा आजार), बायपोलर (मन कधी अति चढतं, कधी फार खचतं तो आजार).
- क्लोनाझेपाम: घबराटीवर लवकर काम करतं, पण सवय लागते. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

लिथियम मात्र नीट समजून घे. बायपोलरवरचं फार गुणी औषध, पण योग्य आणि विषारी मात्रेत अंतर थोडं, म्हणून रक्तातली पातळी तपासतात. जुलाब झाले, उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालं की ती चढते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांनंही चढते. तासगावच्या द्राक्षबागेतून कुणी अंगदुखीची गोळी मागायला आला, तर चालू औषधं आधी विचार. हात जास्त थरथरतायत, तोल जातोय असं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे पाठव.

नवी मुलं हमखास चुकतात ते इथे: "बरं वाटतंय ना, मग बंद करा" म्हणतात. असं कधीच सांगू नकोस. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, आणि कमी कशा करायच्या ते डॉक्टरच ठरवतात. घरचे घाबरलेले दिसले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दे. फुकट आहे, मराठीतही बोलतात.