बाही सोडायची नाही

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये अ‍ॅम्स्टेलवेनला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, तीन वर्षं ज्युदोला जातो. या वेळी त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांना नारिंगी पट्टा मिळाला, त्याला नाही. डाव तर त्याचेच सगळ्यांत चांगले पडतात. परवा त्याने एका नव्या मुलाला असं काही आपटलं की दोन्ही हात वर करून हॉलभर पळत सुटला. व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी कौतुक केलं. सरांना विचारलं तर म्हणाले, “तंत्र आहे, बाकीचं अजून शिकायचंय.” यांना हा सरळ भेदभाव वाटतो. सासरे सध्या इथे आलेत. ते सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत जायचे. म्हणतात, एवढं वाकून नमस्कार घालूनही पट्टा देत नसतील तर क्लास बदला. काय करावं?

उत्तर : तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण तुमचं उत्तर बहुतेक त्यातच आहे. पुन्हा लावा आणि या वेळी पडणाऱ्या मुलाकडे बघू नका, तुमच्या मुलाचा डावा हात बघा.

ज्युदोत उजव्या हाताच्या डावात टाकणाऱ्याचा डावा हात समोरच्याची बाही धरून असतो. समोरचा पडतो, तरी सरावात ती बाही सोडायची नाही, किंचित वर ओढून धरायची. त्यामुळे पडणारा कुशीवर येतो आणि त्याचं डोकं मॅटवर आदळत नाही. तुम्हीच लिहिलंय, दोन्ही हात वर होते. म्हणजे बाही सुटली होती, तीही नव्या मुलाची, ज्याला अजून पडायलाही नीट येत नसणार. मोठ्या स्पर्धेत हे एक वेळ चालून जातं, क्लासमध्ये नाही. सरांनी पट्टा अडवला तो यासाठी असेल, तर मला त्यांचं कौतुकच वाटतं.

आपण मराठी आईबाप ज्युदोतला आदर वाकण्यात शोधतो. शाळेत पोरं बाईंना नावाने हाक मारतात तेव्हा आपण दचकतो. मग ज्युदोच्या हॉलमध्ये हीच पोरं ओळीत गुडघ्यांवर बसून वाकताना दिसली की जीव भांड्यात पडतो. चला, संस्कार होतायत. पण वाकणं ही फक्त परवानगी आहे. “मी तुझ्या अंगावर शिकणार आहे, चालेल ना?” असं विचारायचं आणि शेवटी “झालं, आभार” म्हणायचं. खरी परीक्षा या दोन नमस्कारांच्या मधे असते. टाकणाऱ्याला तोरी म्हणतात, पडणाऱ्याला उके, आणि दर थोड्या वेळाने दोघांची अदलाबदल होते. उके अंग सैल सोडून उभा राहिला नाही तर तोरीला काहीच शिकता येत नाही. म्हणून सुरुवातीला टाकण्याआधी पडायला शिकवतात : हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर आणि हात तिरका मॅटवर आपटायचा.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशो-जी नावाच्या देवळात बारा ताताम्यांच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, जागेत कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले, कारण रोज जोडीदार जायबंदी झाला तर उद्या शिकणार कुणाबरोबर? ‘जिता क्योएइ’, म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्र, हे त्यांचं सूत्र. भिंतीवर लिहिलेलं असलं की ते सुविचारासारखं दिसतं. मॅटवर त्याचा अर्थ फार साधा आहे : बाही धर.

तुम्ही ज्या देशात राहता तिथलंच उदाहरण देते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत उत्रेख्तच्या अँटन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरलं आणि जिंकला. जपानच्या घरात, टोकियोच्या बुदोकान सभागृहात! डच पाठीराखे आनंदाने मॅटकडे धावले. खेसिंकने तिथूनच हात उंचावून त्यांना थांबवलं. आधी समोरच्याला नमस्कार, मग बाकीचं. हात त्यानेही वरच केला होता. हे मुलाला सांगताना ‘बघ, नाहीतर तू’ असं शेपूट मात्र जोडू नका. नुसतं सांगा आणि जेवायला वाढा.

आता भेदभावाबद्दल. तो कुठेच नसतो असं मी म्हणणार नाही. परदेशात राहून इतकी भाबडी मी उरलेले नाही. पण तो ओळखायची एक साधी रीत आहे. मुलगा सोबत नसताना सरांना वेळ मागा आणि विचारा, “नेमकं काय शिकायचं राहिलंय?” डच माणूस अशा प्रश्नाने दुखावत नाही, उलट तोंडावर सांगून मोकळा होतो. उत्तर नेमकं आलं, जसं बाही सोडतो, नवख्यांना जोरात टाकतो, हरला की हात मिळवत नाही, तर प्रश्न मिटला. गुळमुळीत उत्तर आलं, किंवा तेच करणाऱ्या दुसऱ्या मुलाला पट्टा मिळालेला असला, तर तेही तिथल्या तिथे बोलून दाखवा. क्लास बदलायचा विचार त्यानंतर. रंगांच्या पट्ट्यांची ही लांबलचक शिडी तशीही युरोपातच जास्त फोफावली. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. मुलांना हुरूप यावा म्हणून ती आहे. आईबापांनी तिचं प्रगतिपुस्तक करून टाकलं.

आणि हो, तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा. त्यात पडलेला मुलगा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. त्याच्या आईबापांना न विचारता पुण्या-सांगलीच्या चाळीस नातेवाइकांनी त्याचं पडणं बघितलं आणि वर टाळ्या पाठवल्या. तुमच्या मुलाला त्या टाळ्यांतून जे शिकायला मिळालं ते सर आता महिनाभर पुसत बसतील. मुलाला रागावू नका. त्याने तेच केलं ज्याचं घरात कौतुक झालं. त्याला एवढंच विचारा, “तो पडला तेव्हा त्याचं डोकं कुठे होतं?” आठवत नसेल तर पुढच्या वेळी बघून ये म्हणावं. जमलं तर सरांना सांगून त्याला काही दिवस नव्या मुलांचा उके होऊ द्या. रोज पडला की बाहीची किंमत आपोआप कळते. यांना सांगा, बाकावरून सूचना द्यायच्या नाहीत. आणि ज्युदोचा पांढरा पोशाख मुलानेच घडी करायचा, नखंही त्यानेच लक्षात ठेवून कापायची. समोरच्याला ओरखडा येऊ नये म्हणून नखं कापणं, यापेक्षा साधा आदर मला तरी माहीत नाही.

राहिले सासरे. खरं तर या घरात ही गोष्ट सगळ्यांत आधी त्यांना कळायला हवी होती, पण जपानी नावं आणि पांढरे कपडे बघून त्यांना ती परकी वाटली असेल. त्यांना विचारा, हौद्यात उतरताना माती कपाळाला का लावायचे? नव्या पोराला आधी किती दिवस माती उकरायला लावायचे? थोराड पैलवान लहानग्याला जोर द्यायचा तेव्हा त्याला चीत करायचा की खेळवायचा? आणि वस्ताद “अजून नाही” म्हणाले तर कुणाचा बाप तालमीच्या दारात भांडायला जायचा? मुलासमोरच विचारा आणि मग तुम्ही गप्प बसा. ते बोलायला लागले की तासभर थांबायचे नाहीत.

पुढच्या क्लासला त्यांनाच घेऊन जा. मोबाइल पिशवीत ठेवा, त्यांना बाकावर बसवा आणि डाव्या हाताकडे बघायचं असतं एवढं कानात सांगा. मुलगा डावखुरा असेल तर उजव्या.