नव्या बास्केटबॉल कोचने जॉन वुडनकडून सुरुवातीला काय घ्यावं

कॉलेजचा संघ हाती आल्याबद्दल अभिनंदन! अमेरिकेतले गाजलेले कॉलेज बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांचा अभ्यास करताय हे उत्तमच, पण १२ वर्षांतली १० एनसीएए (अमेरिकेतली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा) विजेतेपदं आणि सलग ८८ विजय आत्ता बाजूला ठेवा. ते यूसीएलएला (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) १९४८ मध्ये आले, पहिलं विजेतेपद मिळालं १९६४ मध्ये. मधल्या वर्षांत त्यांनी सराव कसा घेतला, ते आधी बघा.

- सराव साधारण दोन तासांचा, आणि मिनिटांसह कागदावर लिहिलेला. वुडन छोट्या कार्डांवर लिहीत. एका ड्रिलला (एकाच कौशल्याचा पुन्हा पुन्हा सराव) ५ ते १० मिनिटं पुरेत. वेळ संपली की पुढचं ड्रिल, जमलं नसेल तर उद्या पुन्हा.
- पहिल्या दिवशी ते मोजे घालायला शिकवत. टाच आणि बोटांशी सुरकुती राहिली की फोड येतो आणि खेळाडू बाहेर बसतो. हे खरंच करा.
- चूक दिसली की थांबवा, बरोबर कृती दाखवा, खेळाडूने केलेली चूक दाखवा, पुन्हा बरोबर दाखवा. काही सेकंदांत खेळ सुरू. नवे कोच इथेच भाषण देतात आणि खेळाडूंचं अंग थंड पडतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात दहा-बारा सेट प्ले (आधी ठरवलेल्या चाली) शिकवणं. दोन पुरेत. पिव्हट (एक पाय रोवून वळणं), चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी दिलेला पास) आणि बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने मागे रोखणं) कच्चे असतील तर कुठलाच प्ले शेवटपर्यंत जात नाही. वुडन यांच्या १९६४ च्या संघाचा झोन प्रेस (कोर्टभर जागा वाटून घेऊन प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकणारा बचाव) मोहात पाडेल, पण दमसास आणि बचावातली पावलं पक्की होईपर्यंत त्याला हात लावू नका.

पहिल्या आठवड्याचा आराखडा लिहून इथे टाका, मिनिटं एकत्र बघू.