इक्वाडोरचा केळीवाला आणि रावेरचा केळीवाला

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "इक्वाडोर एवढासा देश, केळीवर जगतो आणि त्याचं दरडोई उत्पन्न आपल्या अडीच पट आहे. मग तेच पीक घेणारा रावेर-यावलचा शेतकरी मागे का? तिथला माणूस खरंच सुखात आहे का?"

आधी एक गैरसमज काढू. दक्षिण अमेरिकेतला हा इक्वाडोर केळीवर जगत नाही. 2024 च्या निर्यातीत तिथे कच्चं तेल पहिलं, कोळंबी दुसरी आणि मग केळी. केळीची निर्यात वर्षाला साधारण साडेतीन ते पावणेचार अब्ज डॉलरची आणि अर्थव्यवस्था 120 अब्जांच्या पुढची, म्हणजे केळीचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. उलट उत्पादनात आपण त्यांच्या खूप पुढे आहोत. भारतात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या आसपास केळी पिकते, तिथे 70 लाख टनांच्या आसपास. फरक एवढाच की ते जवळजवळ सगळी बाहेर पाठवतात आणि आपली शंभरातली एक-दोन जेमतेम बंदरावर पोचते, बाकी दिल्ली-पंजाबपासून गावच्या बाजारापर्यंत खपते.

आता अडीच पटीचं. 2024 चे आकडे धरले तर इक्वाडोरचं दरडोई उत्पन्न 6,900 डॉलरच्या आसपास आणि भारताचं 2,700. हे बाजारातल्या विनिमय दराने काढलेले आकडे. पण तिथलं चलनच अमेरिकी डॉलर आहे, त्यामुळे खर्चही डॉलरमध्येच होतो. खरेदीशक्तीने, म्हणजे तेवढ्या पैशात तिथे किती वस्तू येतात ते बघून, मोजलं की इक्वाडोर 16,000 डॉलरच्या जवळ आणि भारत 11,000 च्या वर येतो, म्हणजे अडीच पटीचं दीडपटीच्याही आत. त्यातही सरासरी ही अंबानी आणि सालदार यांना एकाच ओळीत उभं करून काढलेली असते. म्हणून एकाच पिकावरची माणसं शेजारी ठेवून बघू.

मजूर घ्या. इक्वाडोरचं कायदेशीर किमान वेतन 2025 साली महिना 470 डॉलर होतं. डॉलर 85 रुपये धरला तर जवळपास 40,000 रुपये. शिवाय वर्षात तेरावा आणि चौदावा पगार द्यायचा, असा तिथला कायदा आहे. पगारातून 9.45 टक्के सामाजिक विम्याला कापले जातात, मालक वरून 11.15 टक्के भरतो, त्यात दवाखाना आणि पेन्शन येतं. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी त्याच वर्षी 312 रुपये रोज होती. इथपर्यंत वाचून डोळे फिरतात. पण दोन गोष्टी सोबत धरा. पहिली, तिथे चौघांच्या घराला लागणाऱ्या महिन्याच्या मूलभूत खर्चाचा सरकारी हिशेब 800 डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे एका किमान पगारात घर चालत नाही. दुसरी, पूर्ण वेळ आणि किमान वेतन मिळणारं, ज्याला तिथली सांख्यिकी संस्था 'पुरेसा रोजगार' म्हणते, असं काम करत्या लोकांपैकी तिघांतल्या एकालाच आहे. बाकीचे आपल्यासारखेच मिळेल तसं, मिळेल तेवढं.

तरीही मजुराच्या बाजूने तिथलं पारडं जड आहे, हे मान्य करावंच लागेल. आयुर्मान तिथे 77 वर्षांच्या आसपास, आपलं 72. मानव विकास निर्देशांकात 2023 साठी इक्वाडोर 0.777, भारत 0.685. सरकारी विद्यापीठात पदवीपर्यंत फी नाही, हे 2008 च्या घटनेतच लिहिलेलं आहे. छोट्या शेतकऱ्यांसाठी 1968 पासून वेगळी शेतकरी विमा योजना आहे, कुटुंबाला महिन्याला दोन-तीन डॉलर भरून गावातल्या दवाखान्यात उपचार मिळतात. स्वयंपाकाच्या गॅसची 15 किलोची टाकी सरकारी दराने 1.60 डॉलरला, म्हणजे 136 रुपयांना. आपण 14.2 किलोला किती मोजतो ते तुम्हाला माहीत आहेच. अर्थात हे अनुदान तेलाच्या पैशावर उभं आहे. 2025 च्या सप्टेंबरात डिझेलचं अनुदान काढलं, गॅलनचा भाव 1.80 वरून 2.80 डॉलरवर गेला आणि आदिवासी संघटनांनी देशभर रस्ते अडवले.

आता मालकाकडे येऊ. खरी गंमत इथे आहे, आणि तिचं मूळ हवेत आहे.

इक्वाडोरचा किनारी पट्टा विषुववृत्ताजवळ. थंडी नाही, आपल्यासारखा 45 अंशांचा मे नाही. बाग एकदा लावली की बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवर वर्षानुवर्षं चालते आणि बारा महिने दर आठवड्याला कटाई होते. आपल्याकडे मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) असो की कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली), लागवडीपासून अकरा ते तेरा महिन्यांनी माल, तोही बराचसा एकदम. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याचा पैसा दूधवाल्यासारखा आठवड्याला येतो आणि आपला वर्षातून एकदा, तेव्हाच्या भावाने. कटाईच्या पंधरवड्यात भाव पडला तर आपलं वर्ष गेलं; तिथे तो बावन्नातला एक-दोन आठवडे तोटा असतो. पीककर्ज, सावकार, मुलीचं लग्न कोणत्या महिन्यात काढायचं, हे सगळं या एका फरकातून ठरतं. दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

पण त्याच दमट हवेची किंमतही आहे. तिथे काळा करपा, म्हणजे ब्लॅक सिगाटोका, मुक्कामाला आहे. वर्षात वीस-पंचवीस किंवा जास्त फवारण्या, त्याही बहुतेक विमानाने. आपल्या कोरड्या हवेत करप्याचा जोर पावसाळ्यापुरता, आपली डोकेदुखी हरण्या हा विषाणूरोग, हिवाळ्यात दहा अंशांखाली गेलेलं तापमान आणि मे-जूनचं वादळ. उत्पादनात आपण कमी नाही, उलट ठिबक आणि टिश्यू कल्चरच्या चांगल्या बागेत हेक्टरी 60 ते 70 टन निघतात. तिथे सर्वसाधारण बाग हेक्टरी वर्षाला 1,800 ते 2,200 पेट्या, म्हणजे 35 ते 43 टन देते.

भावाची तुलना करताना बहुतेक जण पेटीवर घसरतात. तिथे सरकार दर वर्षी पेटीचा किमान भाव जाहीर करतं. 2023 ला 6.50, 2024 ला 6.85, 2025 ला 7.25 डॉलर. ही पेटी 43 पौंडांची, म्हणजे साडेएकोणीस किलोची. आपल्याकडून आखातात जाणारी पेटी साधारण 13 ते साडेतेरा किलोची असते. 40 फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये त्यांच्या 1,080 पेट्या बसतात, आपल्या 1,540 च्या आसपास. पेटीला पेटी लावली की हिशेब तिथेच चुकतो. 7.25 डॉलरला 19.5 ने भागा आणि 85 ने गुणा: किलोला साडेएकतीस रुपये, क्विंटलला 3,150 च्या आसपास. हा भाव निवडलेल्या, धुतलेल्या, डाग नसलेल्या मालाचा, दांडा वगळून. त्याच्यासमोर रावेर किंवा बऱ्हाणपूरचा जाहीर भाव ठेवताना तो दांड्यासकट तोलाचा आहे का, त्यातून कटती किती जाते, हे बघा. दांड्याचेच शेकडा आठ-दहा किलो जातात.

'तिथे कायद्याने हमीभाव आहे' हे वाक्य आपल्याकडच्या सभांतून टाळ्या घेतं. तो भाव निर्यातदाराशी वर्षाचा करार असलेल्यालाच मिळतो. करार नसलेल्याचा माल खुल्या बाजारात जातो आणि मागणी मंदावली की त्याच पेटीला दोन-तीन डॉलर मिळतात. वर्षाच्या सुरुवातीला तेजीत तोच भाव दहाच्या वर जातो. कागदावर हमीभाव दाखवून मागच्या दाराने कमी पैसे देणं ही तिथलीही जुनी तक्रार आहे. आणि 'छोटा शेतकरी' म्हणजे तिथे तीस हेक्टरपर्यंत, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे पंचाहत्तर एकरवाल्याला छोटा म्हणून बघा एकदा! मोठ्यांचं म्हणाल तर केळी निर्यातीतले सर्वांत श्रीमंत अल्वारो नोबोआ यांचा मुलगा डॅनियल नोबोआ 2023 पासून देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे.

चलनाची बाजूही नीट समजून घ्या. 1999 मध्ये तिथल्या बँका बुडाल्या, मार्चमध्ये सरकारने लोकांच्या ठेवीच गोठवल्या. 9 जानेवारी 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी सुक्रे हे चलन सोडून अमेरिकी डॉलर घ्यायचं जाहीर केलं, दर 25,000 सुक्रेला एक डॉलर. पंधरा दिवसांच्या आत त्यांची खुर्ची गेली, डॉलर मात्र राहिला. फायदा: महागाई आटोक्यात आली, बचतीची किंमत टिकली. तोटा: मंदीत चलन स्वस्त करून माल खपवायची सोय उरली नाही. शेजारच्या कोलंबियाचा पेसो घसरला की तिथली केळी आपोआप स्वस्त पडते, इक्वाडोरला मजुरी आणि खतं डॉलरमध्येच मोजावी लागतात. आपला रुपया 2000 साली 45 च्या आसपास होता, आता 85 च्या पुढे. निर्यातदाराला त्यात थोडा हात मिळतो, पण पोटॅश बाहेरून येतं, ते तेवढंच महागतं. त्या संकटात लाखो लोक स्पेन आणि अमेरिकेत गेले आणि जाणं अजून थांबलेलं नाही. परदेशातल्या माणसांनी 2024 मध्ये घरी पाठवलेला पैसा साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास होता, केळीच्या निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त.

राहता राहिली सुखाची गोष्ट. 2018 मध्ये इक्वाडोरमध्ये लाखामागे सहाच्या आत खून होत होते, 2023 मध्ये चाळीसच्या वर गेले. भारतात हे प्रमाण दोनच्या आसपास आहे. कारण केळीशीच जोडलेलं आहे: कोकेन पिकवणारे कोलंबिया आणि पेरू दोन्ही बाजूंना, मध्ये ग्वायाकील बंदर आणि तिथून युरोपला नियमित जाणारे केळीचे कंटेनर. त्यात कोकेन लपवायला टोळ्या पॅकहाउसपासून बंदरापर्यंत घुसल्या. शेतकऱ्याकडून खंडणी घेतात, तिला तिथे 'व्हाकुना' म्हणतात, म्हणजे लस. दिली की तुम्हाला काही होत नाही! 9 जानेवारी 2024 ला बंदूकधारी थेट प्रक्षेपण चालू असलेल्या टीव्ही स्टुडिओत घुसले आणि सरकारने देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला. त्याच वर्षी दुष्काळाने जलविद्युत कोलमडली, शहरांतही दिवसाला चौदा तासांपर्यंत वीज जात होती. रात्रीच्या पाळीला विजेची वाट बघत मोटारीवर जाणारा आपला शेतकरी साप-विंचवाला भितो, खंडणीवाल्याला नाही. जीवनमानाच्या तक्त्यात याला गुण कसे द्यायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

माझं मत विचाराल तर मजुराला इक्वाडोरचा कायदा बरा आणि दोन-चार एकरच्या मालकाला खान्देश बरा. आपलं गिऱ्हाईक देशातच आहे, जहाज चुकलं म्हणून माल कुजत नाही. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर हमीभावाची घोषणा घेऊ नका, आठवड्याच्या पैशाची रीत घ्या. सगळं क्षेत्र एकाच मुहूर्तावर लावू नका. पाच एकर असेल तर दोन मृगात, दोन कांदेबागेत, एक खोडव्यावर (आधीच्या बागेच्या पिलांवर) ठेवा. एकरी उत्पन्न थोडं घटेल, कांदेबागेला हिवाळ्याचा फटका बसेल, आणि फळपीक विमा घेताना लागवडीच्या तारखा व क्षेत्र वेगवेगळं नीट नोंदवावं लागेल, नाहीतर पाहणीत क्षेत्र जुळत नाही आणि दावा अडकतो. पण कटाई दोन-तीन वेळा विभागली जाते, आणि एका पंधरवड्याच्या भावावर घर टांगलेलं राहत नाही.