पावसात ४०० केव्ही (४०० किलोव्होल्ट) वीजवाहिनीखाली चरचर आवाज का येतो? धोका असतो का?

तो कोरोना विसर्जनाचा, म्हणजे तारेलगतच्या हवेत होणाऱ्या बारीक विद्युत-गळतीचा आवाज आहे. तारेच्या पृष्ठभागाजवळचं विद्युतक्षेत्र साधारण ३० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर (शिखरमूल्य) ओलांडतं तिथे हवेचं आयनीभवन होतं, म्हणजे हवेचे कण विद्युतभारित होतात. तारेपासून थोडं लांब गेलं की क्षेत्र झपाट्याने घटतं, म्हणून सगळी हवा फुटून ठिणगी पडत नाही. तारेलगतच निळसर-जांभळी झाक राहते.

कोरड्या दिवशी वाहिनी बरीच शांत असते. पावसात तारेच्या खालच्या बाजूला थेंब लोंबतात, क्षेत्रामुळे ते टोकदार होतात आणि त्या टोकांवर विसर्जन सुरू होतं. चरचर त्याची. सोबतची घुमघुम १०० हर्ट्झची, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात विद्युतदाब दोनदा शिखर गाठतो.

कोरोना कमी व्हावा म्हणूनच एका फेजला दोन किंवा चार तारा, स्पेसर (तारांमधलं अंतर राखणारे तुकडे) लावून सुमारे ४५ सेंमी अंतरावर ठेवतात. त्या मिळून एका जाड तारेसारख्या वागतात आणि पृष्ठभागावरचं क्षेत्र उतरतं. इन्सुलेटरच्या (तार टॉवरपासून विलग ठेवणाऱ्या आधाराच्या) तारेकडच्या टोकाला कोरोना रिंग, म्हणजे तिथलं क्षेत्र कमी करणारं धातूचं कडं असतं. वाहिनी उभारताना तार ओढली जाते तेव्हा ती जमिनीवर घासली तर ओरखड्यांवर कोरोना होतो. हे टाळणं फार महत्त्वाचं.

खाली उभं राहण्यात कोरोनाचा धोका नाही. भारतात ४०० केव्हीची तार जमिनीपासून किमान ८.८४ मीटर उंच ठेवतात. मात्र शिडी, लांब पाइप, फळं काढायची लोखंडी आकडी तिथे उभी करू नका. कोरड्या हवेतही एकाच इन्सुलेटरमधून सतत तडतड येत असेल, तर टॉवरच्या पाटीवरचा क्रमांक पारेषण कंपनीला कळवा.