म्हशीच्या फुप्फुसातल्या पाणगाठी

प्रश्न : आमच्याकडच्या खाटिकखान्यात म्हशीच्या फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निघाल्या. डॉक्टरांनी नमुना जनुकीय तपासणीला पाठवला. गाठी सगळ्या सारख्याच दिसतात, मग हा खटाटोप कशाला?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सारख्या दिसतात, हीच तर अडचण! या गाठी म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एकिनोकॉकस या पट्टकृमीची (चपट्या, फितीसारख्या जंताची) अळी-अवस्था. कृमी काही मिलिमीटरचा, पण वाण अनेक. गाठीच्या आतल्या पापुद्र्यातून डीएनए काढून मायटोकाँड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाघरातलं) कॉक्स-१ जनुक वाचलं की वाण कळतो : जी१ मेंढीचा, जी३ म्हशीचा, जी५ गुरांचा. माणसाला सर्वाधिक बाधतो तो जी१. जी५ कुत्र्यात लवकर पक्व होऊन अंडी घालू लागतो, म्हणजे जंताचं औषधही लवकर-लवकर द्यायला हवं. आपल्या पश्चिम भारतात जनावरांमध्ये जी३ बराच आढळलाय.

मांस खाऊन माणसाला हा रोग होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला लागून पोटात जातात. म्हणून मी खाटिकखान्यात गेलो की आधी बाहेर घुटमळणारी कुत्री बघतो. गाठी खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात पुन्हा कृमी वाढतात; म्हणून गाठींची फुप्फुसं त्यांच्यापुढे फेकू नका, जाळा किंवा खोल पुरा. पाळीव कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या.